तीन जावा आणि एक काऊन

बुलढाण्याच्या आमच्या ऑफिसात मी पहिल्यांदा पाऊल टाकलं, तेव्हा 'या', 'बसा' म्हणायच्या आधी इलियासभाईंनी विचारलं, "काऊन आल्या ताई?"

मी चिखलीची. हा प्रश्न मला परका वाटायचं काही कारण नव्हतं. पण मधली काही वर्षं पुण्यात काढल्यामुळे माझे कान बिघडले होते. पुण्यात नोकरीच्या पहिल्या दिवशी कोणी 'का आलात?' असं विचारलं असतं, तर त्याचा अर्थ 'आल्या पावली परत जा' एवढाच झाला असता. मी जरा तोऱ्यातच म्हणाले, "नोकरीला आले. पुण्याहून मेल आली असेल की तुम्हाला."

"मेल आली हो. नोकरीले आल्या हे बी त्यात हाये. पन पुणं सोडून बुलढान्याले काऊन आल्या, हे नाही लिवलं त्यात."

मग मी खरं ते सांगितलं. आईचे गुडघे गेले होते आणि ती चिखली सोडायला तयार नव्हती. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं, मान हलवली, शेजारची खुर्ची रुमालानं पुसली आणि पुढे सरकवली.

"हां. आता बसा."

इलियासभाई रोहिणखेडचे. गावातल्या जुन्या मशिदीच्या अंगाला त्यांच्या वडलांचं गाद्या-रजया भरायचं दुकान होतं. घरभर कापूस पिंजलेला, ताटात कापूस, अंथरुणात कापूस, आणि शाळेत जाताना केसांवर तूस. पोरं त्यावरून चिडवायची. त्याचा सूड त्यांनी मोठेपणी कपड्यांवर उगवला होता. पांढरा, कडक इस्त्रीचा, पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाची बटणं लावलेली, भर मे महिन्यातसुद्धा. आणि विचारात पडले की डाव्या बाहीवरचं तूस दोन बोटांनी उचलून बाजूला टाकायचे. बाहीवर तूस कधीच नसायचं.

स्वभावानं माणूस भांडकुदळ नव्हता, पण कारण न देता कोणी 'नाही' म्हटलं, की त्यांचं डोकं फिरायचं. एकदा आम्ही दोघं मलकापूरहून येत होतो. मोताळ्याला दुसऱ्या गाडीची वाट बघत होतो, तेव्हा एक गाडी समोर येऊन उभी राहिली आणि कंडक्टर दारातूनच ओरडला, "ही गाडी इथी थांबत नाही!"

"थांबली तर हाये," इलियासभाई म्हणाले.

"थांबली, पन थांबत नाही."

"मंग काऊन नाही थांबत, तेवढं सांगा. सांगतलं की आमी चढत नाही."

कंडक्टरला ते सांगता येईना. आतले लोक हसायला लागले. शेवटी त्यानं वैतागून "चढा बाप्पा, चढा" म्हणून आम्हाला घेतलं. मी खूश झाले, पण इलियासभाई घाट चढेपर्यंत कंडक्टरकडेच बघत होते. त्यांना जागा नको होती, कारण हवं होतं.

आमची कंपनी पुण्याची आणि बुलढाण्याची शाखा म्हणजे मेडिकलच्या दुकानावरच्या तीन खोल्या. काम होतं बियाण्यांच्या तक्रारींचं. बीटी कपाशी येऊन बरीच वर्षं झाली होती आणि सुरुवातीचा हर्ष ओसरला होता. कुठे बी उगवत नव्हतं, कुठे झाड माजायचं आणि बोंड धरायचं नाही. शेतकऱ्यानं मोबाईलवरून तक्रार पाठवायची. ती आमच्या संगणकावर यायची, तिथून कृषी खात्याच्या आणि तिथून बियाणं कंपनीच्या. तिन्ही ठिकाणी घेतली गेली की पाहणीची तारीख आपोआप पडायची, आणि त्या तारखेला खात्याचा माणूस व कंपनीचा माणूस मिळून वावरात जायचे, पंचनामा करायचे. पीक उभं असतानाच हे व्हायला हवं, ही त्यातली मेख. पीक उपटलं की तक्रार मेली.

हे तीन संगणक एकमेकांशी बोलावेत म्हणून प्रत्येकावर एक मोठं सॉफ्टवेअर होतं. त्याला प्लॅटफॉर्म म्हणायचं. तिन्ही प्लॅटफॉर्म जावा याच संगणकी भाषेतले, पण तीन वेगळ्या घराण्यांचे. आम्ही लहान लहान सेवा लिहायचो. एक सेवा तक्रार तपासायची, एक गावाचं नाव जुळवायची, एक निरोप पाठवायची. मग त्यांची गाठोडी बांधून ती तिन्ही प्लॅटफॉर्मवर बसवायची, म्हणजे आमच्या भाषेत डिप्लॉय करायची. पुस्तकात लिहिलेलं असतं की गाठोडं एकदा नीट बांधलं की ते कुठेही बसतं. ती पुस्तकं लिहिणारे बुलढाण्याला आले नव्हते.

"ताई, ह्या तीन जावा हाये," इलियासभाईंनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं. "नाव एकच, घर एकच. पन चुली तीन. एकीच्या चुलीवर जे शिजते ते दुसरीच्या चुलीवर शिजनच, असं नाही."

मला वाटलं विनोद केला, म्हणून मी हसले. ते हसले नाहीत. त्यांची कामाची सगळी पद्धत त्या एका शब्दावर उभी होती. आमच्या ऑफिसातली ती थोरली. ती साधी. गाठोडं तिच्या फोल्डरात नुसतं टाकलं, की ती स्वतःच उचलायची, सोडायची आणि कामाला लावायची. खात्याकडची मधली. तिला सगळं क्रमानं लागायचं, आधी सामान, मग सेवा, मग सुरू करायची आज्ञा. क्रम चुकला की रुसायची आणि काय चुकलं हे चार पानं भरून सांगायची. बियाणं कंपनीकडची धाकटी सगळ्यांत अवघड, कारण ती माहेरून स्वतःची भांडी घेऊन आलेली. आमच्या सेवेबरोबर आम्ही एखादी लायब्ररी, म्हणजे तिला लागणारं तयार सामान, पाठवली आणि तीच तिच्याकडे वेगळ्या आवृत्तीची असली, की दोन्हींची आदळआपट व्हायची आणि सेवा उभीच राहायची नाही.

"धाकटीकडं आपलं भांडं न्यायचं नाही," इलियासभाई सांगायचे. "पोरगी एकटी पाठवा. तिथलंच भांडं घासन आन् तिथलंच वापरन." मग धाकटीसाठी ते गाठोड्यातून सामान काढून घ्यायचे आणि नुसती सेवा पाठवायचे. ही गोष्ट मला पुण्यात एका माणसानं फळ्यावर बाण काढकाढून समजावली होती आणि समजली नव्हती.

सेवा बसली की ते तिला पहिला निरोप पाठवायचे, "घरी हाये का कोनी?" सेवेनं त्यावर "हाव", म्हणजे 'हो', असं उत्तर द्यायचं, हे त्यांनी प्रत्येक सेवेत लिहून ठेवलं होतं. तीन जावांकडून तीन 'हाव' आल्याशिवाय ते चहाला उठायचे नाहीत. पुण्याच्या लोकांना या 'हाव'ची मोठी गंमत वाटायची. बैठकीत कोणी ना कोणी त्यांची नक्कल करायचंच. इलियासभाईही हसायचे. मला मात्र त्या नकलेचा राग यायचा.

आता 'काऊन'बद्दल. सेवेनं तक्रार नाकारली तर का नाकारली, हे तिनं सांगितलंच पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. त्यासाठी प्रत्येक निरोपात त्यांनी एक रकाना ठेवला होता आणि त्याचं नाव ठेवलं होतं काऊन. संगणकात नावं इंग्रजी अक्षरांत लिहावी लागतात, म्हणून के-ए-यू-एन. पुण्याच्या पोरांनी मधलीचं काम काही दिवस हातात घेतलं आणि तो शब्द वाचला हिंदीतला 'कौन'. त्यांना वाटलं, तक्रार कोणी नाकारली त्या माणसाचं नाव इथे घालायचं असणार. घातलं.

मग एका दुपारी सोनाळ्याहून एका शेतकऱ्याचा फोन आला. फोन मीच उचलला.

"मॅडम, तुमचा निरोप आला मले. तक्रार नाकारली म्हने."

"हो. त्याचं कारण दिलं असेल ना खाली?"

"देल्लं ना. कारण, सौ. देशपांडे." आणि काकुळतीनं, "ह्या देशपांडेबाईचं म्या काय केलं वो? मी त्याहिले वयखतबी नाही."

त्या हंगामात कितीतरी जणांच्या तक्रारी देशपांडेबाईंमुळे, जोशींमुळे आणि एका कुणा वानखडेंमुळे नाकारल्या गेल्या होत्या. पुण्याहून पाटणकर साहेबांचा फोन आला. पाटणकर साहेब म्हणजे प्रकल्पाचे प्रमुख, सभ्य आणि हळू आवाजाचे. रकान्याचं नाव बदलून सरळ इंग्रजीत ठेवा म्हणाले. इलियासभाईंनी साफ नकार दिला. नाव बदललं की तिन्हीकडे सगळं पुन्हा बसवावं लागेल, हे खरंच होतं. पण खरं कारण ते नव्हतं. फोन ठेवल्यावर ते मला म्हणाले, "स्पेलिंग बरोबर हाये, ताई. वाचनारा चुकला." मी म्हटलं, "इलियासभाई, हा हट्ट आहे." ते म्हणाले, "हाव." रकाना तसाच राहिला. पुण्याच्या पोरांनी फक्त नावं काढून कारणं घातली.

आम्ही दुपारी जेवायचो ते मागच्या गल्लीतल्या कमलकाकूंच्या खानावळीत. काकू चिखलीजवळच्या उंद्रीच्या. नवरा तिकडे वावर पाहायचा आणि या इकडे आम्हा नोकरदारांना भाकरी घालायच्या. भाकरी हातावरची, पोळपाट त्यांनी कधी शिवला नाही. इलियासभाईंवर त्यांचा जीव होता, कारण ते जेवण झाल्यावर आज भाजी बरी का झाली किंवा का बिघडली, हे सांगायचे. बाकीचे नुसते उठून हात धुवायचे.

त्या वर्षी दिवाळीनंतर एका दुपारी काकूंनी ताटाच्या ऐवजी स्टीलचा डबा आणून समोर ठेवला. झाकण काढलं तर आत कपाशीची हिरवी बोंडं. वरून एकही डाग नाही. त्यांनी एक बोंड अंगठ्यानं फोडलं. आत सरकीच्या कुशीत गुलाबी अळी वळवळत होती. दुसरं फोडलं, त्यातही तीच. इलियासभाईंनी नकळत बाही झटकली.

"बीटी म्हनून लावली," काकू म्हणाल्या. "बीटीवर बोंडअळी येत नाही म्हने. हे काय हाये मंग? जाऊबाई हाये का तिची?"

तक्रार त्यांनी केव्हाच पाठवली होती. गावात बहुतेकांनी पाठवली होती. तारीख कोणालाच आली नव्हती. काकूंना पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, उपटून त्या वावरात हरभरा पेरायचा होता. त्यांच्याकडे विहीर नव्हती. जमिनीत होती तेवढ्या ओलीवरच हरभरा यायचा, आणि ओल रोज उडत होती. उपटावं तर तक्रार मरणार, ठेवावं तर हरभरा जाणार.

"इलियासभाऊ, तुमच्याच कॉम्पुटरात हाये ना माही तक्रार? मंग तारीख काऊन नाही पडली?"

दुसऱ्यानं इलियासभाईंना 'काऊन' विचारलं आणि त्यांच्याकडे उत्तर नाही, असं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "पाहून सांगतो काकू," एवढंच ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी काकूंनी ताट वाढताना तेच विचारलं. तिसऱ्या दिवशी विचारलं नाही, नुसतं तोंडाकडे पाहिलं. ते जास्त वाईट होतं.

त्यांनी काकूंची तक्रार पकडून तिचा माग काढला. थोरलीनं घेतली होती. मधलीनं घेतली होती. धाकटीच्या दारात गेली होती आणि तिथून पुढे तिचा पत्ताच नव्हता. 'नाही' म्हणूनसुद्धा उत्तर नाही. काकूंचीच नव्हे, बोंडअळीची प्रत्येक तक्रार तिथे जाऊन गडप होत होती. बी उगवलं नाही, झाड वाळलं, अशा तक्रारी मात्र बिनबोभाट पलीकडे जात होत्या. इलियासभाईंनी सेवेचा मजकूर उघडला आणि ते एकेक ओळ वाचत खाली गेले.

"ताई, जरा इकडं या," ते म्हणाले. आवाज बदललेला होता. "ही रेघ पाहा."

तपासणीच्या सेवेत एक ओळ होती. पीक बीटी कपाशी असेल आणि तक्रार बोंडअळीची असेल, तर नोंद संशयास्पद समजावी. कारण, बीटी कपाशीवर बोंडअळी येत नाही.

"ही कोणी लिहिली?" मी विचारलं.

"म्या."

प्रकल्प सुरू झाला त्या वर्षीची ओळ होती ती. तेव्हा बीटीवर बोंडअळी येत नाही, असं सगळेच म्हणत होते आणि बियाण्याच्या पाकिटावरही तेच छापलेलं होतं. मोबाईलवर तक्रार करताना पीक आणि रोग आकडा दाबून निवडावा लागायचा, आणि शेतकऱ्याचं बोट चुकून भलत्याच आकड्यावर पडायचं. असं काही झालं तर लक्षात यावं, म्हणून त्यांनी ही ओळ घातली होती. थोरली आणि मधली अशा नोंदीवर नुसती खूण करून ती पुढे पाठवायच्या. त्या खुणा कोणी वाचत नव्हतं. धाकटीच्या घरचे नियम मात्र तिच्या घरचे. संशयास्पद नोंद थेट नाकारायची, अशी तिथली मांडणी होती. आणि निरोपांचा पसारा नको म्हणून कंपनीनं तोंडी सांगून 'काऊन'चा रकानाच बंद करून घेतला होता. तो पुण्याच्या पोरांनी परस्पर बंद केला होता. आम्हाला पत्ताही नव्हता.

मला वाटलं, आता ते पुण्याच्या नावानं शंख करतील. त्यांनी शर्टाची बटणं नीट केली आणि ते खाली उतरले, सरळ खानावळीत. मीही मागोमाग गेले.

"काकू, तुमची तक्रार माह्या रेघेनं अडकली," ते उभ्या उभ्याच म्हणाले. "बीटीवर अळी येत नाही, असं म्याच लिवून ठेवलं होतं."

काकू भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "मंग काढून टाका ना भाऊ. तुमीच लिवली, तुमीच पुसा."

इतकं सोपं ते नव्हतं. त्या ओळीवर आता बियाणं कंपनीची मान्यता होती, आणि मान्यता असलेली ओळ बदलायची तर त्यांचीच सही लागायची. त्याच दुपारी पुण्याशी बोलणं झालं. स्पीकर लावलेला होता. पलीकडे चार-पाच जण असावेत.

पाटणकर साहेब शांतपणे म्हणाले, "इलियास, तुझं म्हणणं समजलं. पण नियम बदलायचा म्हणजे कंपनीपुढे मांडायला हवा. पुढच्या बैठकीत घेऊ या."

"सर, तोवर लोकाहिनं पऱ्हाटी उभी ठेवायची का? ओल चालली जमिनीतली."

"तो आपला विषय नाही रे."

"काऊन?"

पलीकडे कोणीतरी फिसकन हसलं. दुसऱ्या कोणीतरी बारीक आवाजात 'हाव' म्हटलं आणि मग दोघं-तिघं हसले. इलियासभाई पुस्तकी मराठीत, एकेक शब्द जपून उचलत म्हणाले, "तो आपला विषय का नाही, सर, एवढं मला कृपया सांगावं."

इतक्या वर्षांत मी त्यांना असं बोलताना ऐकलं नव्हतं. मला त्या हसण्यापेक्षा याचं जास्त लागलं. पाटणकर साहेबांनी "बैठकीत बोलू" म्हणून फोन ठेवला.

धाकटीकडे दर महिन्याला ठरल्यासारखं एक नवं गाठोडं जायचं, गावांची नावं दुरुस्त करणं वगैरे किरकोळ कामाचं. त्या महिन्याचं जायचंच होतं. सकाळी ऑफिस उघडल्या उघडल्या इलियासभाई ते बांधायला बसले. मी मागे जाऊन उभी राहिले.

"रेघ काढताय?"

"नाही. ती काढायचा हक्क मले नाही आता." बाहीवरचं नसलेलं तूस त्यांनी उचललं. "पन नाही म्हनलं तर काऊन ते सांगायचं, हे करारात हाये. कंपनीचीच सही हाये त्यावर. बंद तोंडी केलतं. मी लेखी चालू करून राह्यलो."

"नोकरी जाईल, इलियासभाई."

"काऊन जाईन?"

मला सांगता आलं नाही. खरं तर सांगता येत होतं, पण त्यांच्या तोंडावर सांगायचं धाडस झालं नाही. त्यांनी मांडणीत एक शब्द बदलला, 'बंद'चा 'चालू'. सोबतच्या टिपेत लिहिलं, 'नाकारलेल्या तक्रारींचे कारण करारानुसार सुरू केले आहे', आणि खाली स्वतःचं पूर्ण नाव. ती टीप पुण्याला आणि कंपनीला अशी दोन्हीकडे पाठवली. लपवाछपवी काही नव्हती. मग गाठोड्यातली आपली भांडी काढून ठेवली आणि सेवा धाकटीकडे रवाना केली आणि नेहमीसारखा तिघींनाही निरोप पाठवला.

घरी हाये का कोनी?

थोरलीचं 'हाव' लगेच आलं. मधलीचंही आलं. धाकटी बराच वेळ गप्प होती. आम्ही दोघंही पडद्याकडे डोळे लावून बसलो होतो आणि खाली मेडिकलचं शटर वर जात होतं. मग 'हाव' आलं. त्यामागोमाग, आजवर अडकून पडलेल्या सगळ्या नकारांचे निरोप एकदम बाहेर पडले.

दुपारी आम्ही खानावळीत गेलो तेव्हा काकू मोबाईल हातात धरून दारातच उभ्या होत्या. त्यांनी तो माझ्यापुढे केला. 'तुमची तक्रार कंपनीने घेतली नाही. काऊन: बीटी कपाशीवर बोंडअळी येत नाही.'

"येत नाही?" काकू म्हणाल्या. "येत नाही म्हनते हे?" आणि त्यांनी त्या दिवशी खानावळ बंद ठेवली. आम्ही बाहेर पोहे खाल्ले.

पुढचं मी ऐकलेलं सांगते. असे निरोप एकाच वेळी गावोगाव गेले होते. उंद्रीचे लोक दुसऱ्या दिवशी चिखलीच्या कृषी कार्यालयात गेले, एका हातात मोबाईल आणि दुसऱ्या हातात बोंडांची पिशवी. आजूबाजूच्या गावांचे आधीच येऊन बसले होते. कोणी आरडाओरडा केला नाही. एकेक जण पुढे जायचा, निरोप वाचून दाखवायचा आणि टेबलावर बोंड फोडायचा. तिथल्या कृषी अधिकाऱ्यांनी निरोप एकदा वाचला, दुसऱ्यांदा वाचला, एक बोंड स्वतःच्या हातानं फोडून पाहिलं आणि तारखेची वाट न बघता पाहणीचे आदेश काढले. कंपनीलाही माणूस पाठवावा लागला. आजवर कंपनी गप्प होती. आता ती लेखी बोलली होती आणि बोललेलं सगळ्यांच्या खिशात होतं.

उंद्रीच्या पाहणीला इलियासभाई रजा टाकून गेले. काकूंच्या वावरात पंचनामा झाला आणि लगेच पऱ्हाटी उपटायला घेतली. इलियासभाईही त्यात उतरले, इस्त्रीच्या शर्टानिशी. दुसऱ्या दिवशी ऑफिसात आले तेव्हा हातांवर ओरखडे होते. भरपाईचं पुढे काय झालं, ते लांबण मोठं आहे आणि त्यात सांगण्यासारखं थोडं आहे. काकूंचा हरभरा मात्र झाला. उशिरा पेरला म्हणून घाटे कमी लागले, पण झाला.

इलियासभाईंना पुण्याची मेल आली ती हरभरा वर यायच्या आधी. आपली सेवा या महिनाअखेर समाप्त करण्यात येत आहे, आजवरच्या सहकार्याबद्दल आभार, वगैरे. मी ती त्यांच्या खांद्यावरून वाचली. त्यांनी ती खाली-वर करून पुन्हा पुन्हा पाहिली.

"कारणच नाही लिवलं," ते म्हणाले.

नोकरी गेल्याचं त्यांना दुःख झालंच असणार. घरी वडील थकले होते, दोन पोरी शाळेत होत्या. पण त्या घटकेला मला त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते दुःख नव्हतं. मोताळ्याला कंडक्टरकडे बघताना होता, तोच चेहरा होता. त्यांनी उत्तर लिहिलं, एकच शब्द, इंग्रजी अक्षरांत, के-ए-यू-एन आणि पुढे प्रश्नचिन्ह.

ते सुरतेला मेव्हण्याकडे निघाले, त्या दिवशी मी आणि काकू स्टँडवर गेलो. मलकापूरची गाडी लागली होती. काकूंनी भाकऱ्यांचा डबा त्यांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "डबा वापस आनून द्याचा. म्हनजे येनं होईन तुमचं." इलियासभाई हसले. मला रडू येत होतं आणि मी ते लपवलंही नाही. शर्ट तोच पांढरा, बाह्यांची बटणं लावलेली.

गाडीच्या पायरीवर पाय ठेवला आणि त्यांचा मोबाईल वाजला. पुण्याचं उत्तर आलं होतं. वाचून त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. तिथे फक्त एवढंच होतं: 'एचआर विभागप्रमुख आणि श्री. पाटणकर.'

मला कळायला एक क्षण लागला. मग कळलं. यांनी विचारलं होतं काऊन, आणि त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं होतं, कौन.

"पाह्यलं ना ताई," इलियासभाई म्हणाले, "अजूनबी देशपांडेबाईच हाये." आणि ते हसायला लागले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. काकूंना काही कळलं नाही, तरी त्याही हसल्या.

"चढा ना बाप्पा," कंडक्टर ओरडला. "गाडी सुटून राह्यली."

"एक मिंट थांबा भाऊ. निरोप अर्धा राह्यला."

"काऊन थांबू?"

इलियासभाईंनी त्याच्याकडे कौतुकानं पाहिलं. "आता तुमी बरोबर इचारलं," ते म्हणाले, आणि एका पायावर उभ्या उभ्या, डबा काखेत धरून, मोबाईलवर काहीतरी लिहिलं. मला दाखवलं. पुन्हा तोच एक शब्द होता, पण या वेळी देवनागरीत. त्या रकान्याचं स्पेलिंग त्यांनी कोणासाठीही बदललं नव्हतं. ते त्यांनी तिथे, त्या पायरीवर बदललं.

त्यांनी तो निरोप पाठवला, डाव्या बाहीवरून दोन बोटं फिरवली आणि आत गेले. गाडी सुटली. पुण्याहून त्याचं उत्तर आलेलं नाही. मी सुरतेला फोन करते तेव्हा दर वेळी विचारते.